जुन्या विजेच्या ऑर्गनचे सॉफ्टवेअर: पैसे टाकण्याआधी वाजवून काय तपासावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नाताळ, लग्नसराई आणि पाठोपाठ कार्निव्हल असा मोसम तोंडावर आला की गोव्यातल्या बँडांत, चर्चच्या क्वायरमध्ये आणि तियात्रांच्या (कोंकणी संगीत नाटकांच्या) साथीदारांत एक प्रश्न हमखास फिरतो: लॅपटॉपवर हॅमंड या जुन्या विजेच्या ऑर्गनचा आवाज हवा आहे, कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? उत्तरादाखल कोणी व्हिडिओ पाठवतो, तर कोणी अमक्यात पाचशे टोन आहेत म्हणून सांगतो. व्हिडिओत ऐकू येतो तो वाजवणाऱ्याचा हात आणि नंतर चढवलेला रिव्हर्ब. टोनांचे म्हणाल तर मूळ वाद्याचा खरा कारभार नऊ दांड्यांवर (ड्रॉबारांवर) चालत असे, आणि त्या हाताने ओढून आवाज जमवायचा असे. पडद्यावर अक्रोडी लाकडाचे चित्र किती देखणे आहे यावरून तर काहीच ठरत नाही. चाचणी-आवृत्ती उतरवून घेऊन अर्ध्या तासात काय तपासता येते, आणि रंगमंचावर आवाज बिघडतो तो बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच्या बाहेर कुठे, हे आपल्या वाचकांपुढे ठेवतो.

आधी वाद्य कोणते हवे ते ठरवा, कारण इथेच निम्मे पैसे वाया जातात. नाट्यपदांच्या साथीला पायाने भाता चालवायचा ऑर्गन असतो तो पितळी रीडचा. विजेच्या ऑर्गनचे सॉफ्टवेअर कितीही महाग घेतले तरी तो आवाज त्यातून निघणार नाही. जत्रेतल्या संगीत नाटकासाठी शोधणाऱ्यांनी रीड ऑर्गनची किंवा हार्मोनियमची सॅम्पल (खऱ्या वाद्याच्या एकेक सुराची ध्वनिमुद्रणे) पाहावीत. मिस्साच्या गायनाला पाइप ऑर्गनचा भरदार आवाज हवा असेल तर त्याचीही वाट वेगळी: ग्रँडऑर्ग हा मोफत प्रोग्राम किंवा हॉप्टवेर्क हा विकतचा, आणि त्यांत घालायचे एखाद्या खऱ्या पाइप ऑर्गनचे सॅम्पल संच. साठच्या दशकातल्या बीट बँडांचा तो पातळ, टोचणारा आवाज हवा असेल तर हॅमंड नको, व्हॉक्स कॉन्टिनेंटल किंवा फारफिसा कॉम्पॅक्ट हवा. व्हॉक्स १९६२ चा, इंग्लंडचा, ट्रान्झिस्टरवर चालणारा. पट्ट्यांचे काळे-पांढरे रंग उलटे, एका कीबोर्डच्या मॉडेलला ४९ पट्ट्या आणि मोजके ड्रॉबार. डोअर्सच्या रे मँझारेकने वाजवला तो हाच. फारफिसा इटलीचा. त्याला ड्रॉबारऐवजी खटके आणि टोन तीक्ष्ण करायला गुडघ्याने ढकलायचा दांडा. या दोघांची सॉफ्टवेअरे आर्टुरिया आणि मार्टिनिक या कंपन्यांकडे स्वतंत्र मिळतात. ती संगणकावर हलकी चालतात आणि निवडायला सोपी असतात, कारण मूळ वाद्येच सरळ होती. पुढचे सारे लिहिणे हॅमंडविषयी, कारण गोंधळ तिथे आहे.

हॅमंड ऑर्गन १९३५ साली बाजारात आला. ज्या बी-थ्री मॉडेलची सगळे नक्कल करतात ते पन्नासच्या दशकाच्या मध्यापासून सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत बनत होते. आत एक सिंक्रोनस मोटर, तिच्यावर फिरणारा लांब दांडा, आणि गिअरांनी त्याला जोडलेली ९१ दातेरी पोलादी चाके. प्रत्येक चाकासमोर लोहचुंबक आणि त्यावर तारेची कॉइल. दात चुंबकापुढून सरकला की कॉइलमध्ये विजेची एक लाट उठते. मुख्य दांडा सेकंदाला २० फेऱ्या मारतो. ए सुरासाठी गिअर ८८ ला ६४, म्हणजे २७.५ फेऱ्या, आणि १६ दातांचे चाक असले की बरोबर ४४०. सी सुराचा गिअर ८५ ला १०४. हिशेब केला तर २६१.५४ येतो, समसुरांत (सप्तकाचे बारा सारखे भाग केले तर) तो २६१.६३ असायला हवा. एवढासा फरक कानाला वेगळा कळत नाही, पण ए सोडून बाकीच्या सुरांत असे बारीक फरक असल्यामुळे कॉर्ड धरल्यावर आवाज किंचित जिवंत राहतो. चांगले सॉफ्टवेअर हे गिअरांचे गणितच वापरते.

मूळ वाद्य कुठून तरी मिळवून आणण्याचे स्वप्न पाहणाऱ्यांसाठी जाता जाता: अमेरिकेतला ६० हर्ट्झचा ऑर्गन आपल्या ५० हर्ट्झवर लावला तर मोटर हळू फिरते आणि सगळे वाद्य तीन अर्धस्वरांहून थोडे जास्तच उतरते. काळी एक दाबाल, ऐकू येईल खालची काळी पाच, तीही उतरलेली. ५० हर्ट्झसाठी बनलेला ऑर्गन मिळाला तरी चर्चच्या फेस्ताच्या मंडपात जनरेटर ४८ वर घसरला की सूर जवळजवळ पाऊण अर्धस्वर खाली. पेडल, बाक धरून वजन दोनशे किलोंच्या घरात, लेस्ली या फिरत्या स्पीकरचे कपाट त्याहून वेगळे, आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत पट्ट्यांखालचे शेकडो कॉन्टॅक्ट. लॅपटॉपचा सूर त्याच्या ऑडिओ इंटरफेसमधल्या (लॅपटॉपचा आवाज बाहेर काढणाऱ्या डब्यातल्या) क्रिस्टलवर चालतो, त्याला वीज खात्याचे सोयरसुतक नाही. सॉफ्टवेअर घेण्यात कमीपणा मानायचे कारण नाही ते यासाठी.

आता तपासणी. नऊ ड्रॉबार डावीकडून असे: १६ फूट, ५⅓, ८, ४, २⅔, २, १⅗, १⅓ आणि १. फूट हे पाइप ऑर्गनच्या नळीचे माप: ८ म्हणजे पट्टीचाच सूर, ४ म्हणजे त्याच्या एक सप्तक वरचा, आकडा लहान तसा सूर उंच. पहिले दोन तपकिरी, ८, ४, २, १ पांढरे, उरलेले काळे. प्रत्येक ० ते ८ पर्यंत ओढता येतो, आणि आकडे सलग लिहिले की आवाजाची कृती तयार होते. ८८८०००००० म्हणजे पहिले तीन पूर्ण, बाकी बंद; जिमी स्मिथच्या जॅझ वादनाची ही ओळख.

पहिली परीक्षा चाकांची. ८ आणि ४ फुटांचे दोनच ड्रॉबार पूर्ण ओढा, लेस्ली आणि व्हायब्रेटो बंद करा. मधला सी आणि त्याच्या वरच्या सप्तकातला सी एकत्र दाबा, सोडा, पुन्हा दाबा, असे दहा वेळा. खालच्या पट्टीचा ४ फुटांचा सूर आणि वरच्या पट्टीचा ८ फुटांचा सूर खऱ्या वाद्यात एकाच चाकावरून येतात. चाक एकच, म्हणून ते कधी एकमेकांना खात नाहीत. दहाही वेळा आवाज सारखाच आला पाहिजे. काही वेळा भरीव, काही वेळा पोकळ येत असेल तर ते सॉफ्टवेअर प्रत्येक पट्टीला वेगळी ध्वनिफीत लावते आहे, आणि दोन्ही हातांनी पूर्ण कॉर्ड धरल्यावर आवाज गढूळ होणार हे नक्की समजा.

दुसरी परीक्षा वरच्या टोकाची. फक्त १ फुटाचा ड्रॉबार ओढा आणि एकेक पट्टी वर चढत जा. ६१ पट्ट्यांतल्या चौथ्या सप्तकात एफ शार्पपर्यंत सूर चढत जाईल. पुढच्या जी पट्टीला तो वर न जाता एक सप्तक खाली उडी मारेल. चाके ९१ च, शेवटचे चाक एफ शार्पचे; त्यापुढे नवे चाक नाही म्हणून खालचेच पुन्हा वापरतात. पाचव्या सप्तकातही त्याच जागी तीच उडी. ही उडी नसलेले सॉफ्टवेअर वरच्या पट्ट्यांत शिट्टीसारखे किंचाळते. कार्यक्रमाच्या मोठ्या स्पीकरवर हे फार लवकर लक्षात येते; घरी हेडफोनवर येत नाही.

तिसरी पर्कशनची, आणि स्वस्त सॉफ्टवेअर इथेच उघडे पडते. पर्कशन म्हणजे पट्टी दाबताक्षणी येऊन विरणारा ‘टक्’. ते चालू करा, तिसरा उपस्वर, जलद. एक पट्टी दाबून धरा आणि दुसरी दाबा. दुसरीला तो ‘टक्’ यायला नको. सगळी बोटे उचलून पुन्हा दाबा, आता यायला हवा. मूळ वाद्यात साऱ्या कीबोर्डला मिळून पर्कशनचे सर्किट एकच होते. सगळ्या पट्ट्या सुटल्याशिवाय ते पुन्हा तयार होत नसे. म्हणून सुटे सुटे वाजवले की टकटकीत आणि जोडून वाजवले की गुळगुळीत, असा बोलण्यातला फरक वादकाच्या हातात राही. प्रत्येक पट्टीला ‘टक्’ करणारे सॉफ्टवेअर पाच मिनिटांत कान किटवते. याच वेळी १ फुटाचा ड्रॉबार हलवून पाहा: पर्कशन चालू असताना तो मुका व्हायला हवा, कारण मूळ वाद्यात त्याचाच कॉन्टॅक्ट पर्कशन सुरू करायला वापरला आहे. पर्कशनचा जोर ‘नॉर्मल’वर ठेवला की ड्रॉबारांचा आवाज थोडा दबतो, ‘सॉफ्ट’वर दबत नाही. आणि हे सारे फक्त वरच्या कीबोर्डला. खालच्या कीबोर्डलाही पर्कशन देणारे सॉफ्टवेअर उदार असेल, पण ते हॅमंड नव्हे.

पट्टी दाबताना येणारा बारीक ‘चट्’ हा मूळ वाद्यातला दोष. पट्टीखाली नऊ कॉन्टॅक्ट, ते एकाच क्षणी जुळत नाहीत. कारखान्याला तो नको होता, वादकांनी तो उचलून धरला. बहुतेक सॉफ्टवेअरांत त्याचे प्रमाण कमी-जास्त करता येते. निम्म्याखाली ठेवा, कारण पीएच्या (मंडपातल्या ध्वनियंत्रणेच्या) ट्विटरमध्ये तो दुप्पट टोचतो. व्हायब्रेटोच्या सहा जागा असतात: व्ही-१ ते व्ही-३ (नुसता व्हायब्रेटो) आणि सी-१ ते सी-३ (कोरस, म्हणजे त्यात मूळ सूर मिसळलेला). सी-३ लावून वरच्या सप्तकात लांब कॉर्ड धरा. सेकंदाला सातच्या आसपास लहरी याव्यात, आणि वरचे सूर झगमगावेत, खालचे जवळजवळ स्थिर राहावेत. सगळे सारखेच डुलत असेल तर आत साधा कोरस बसवला आहे.

आता लेस्ली. डॉन लेस्लीने १९४० च्या सुमारास बाजारात आणलेले हे स्पीकरचे कपाट हॅमंड कंपनीचे नव्हते, पण त्याच्याशिवाय हॅमंड अळणी लागतो. वर फिरणारा भोंगा, खाली १५ इंची स्पीकरपुढे फिरणारा लाकडी ड्रम, ८०० हर्ट्झला दोघांची वाटणी, आणि १२२ मॉडेलात ४० वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर. भोंग्याला दोन तोंडे दिसतात, पण आवाज एकातूनच येतो; दुसरे तोल सांभाळायला. मंद वेगात मिनिटाला ४० ते ५० फेऱ्या, जलद वेगात भोंगा ४०० च्या आसपास, ड्रम त्याहून थोडा कमी. भोंगा हलका, तो सेकंदाभरात वेग पकडतो. ड्रम जड, त्याला पाच-सहा सेकंद लागतात. आणि दोघे उलट दिशांना फिरतात. सॉफ्टवेअर तपासताना एक कॉर्ड धरून ठेवा आणि मंदवरून जलद करा. वरचा आवाज आधी धावला पाहिजे, खालचा मागून रेंगाळत आला पाहिजे, आणि मधल्या काही सेकंदांत दोघांची ओढाताण ऐकू आली पाहिजे. जलदवरून मंद करतानाही तेच, उतरत्या क्रमाने. सारा खेळ या वेग बदलण्यातच आहे. बटण दाबताच दोन्ही भाग एकदम बदलत असतील तर तो पंखा आहे, लेस्ली नाही.

लेस्लीच्या बाबतीत आपल्याकडे एक घोटाळा वारंवार होतो. सॉफ्टवेअर लेस्लीला दोन मायक्रोफोन लावल्याचा भास करून स्टिरिओ आवाज देते, आणि मंडपातला पीए असतो मोनो. ध्वनिवाला डावे-उजवे दोन्ही एकाच चॅनेलवर घेतो. मग दोन मायक्रोफोनांच्या लाटा एकमेकींना खातात, आवाज मधूनमधून बुडतो आणि वादकाला वाटते सॉफ्टवेअर वाईट. मोनो पीए असेल तर मायक्रोफोनांमधला कोन किंवा स्टिरिओची रुंदी शून्यावर आणा, नाहीतर एकच बाजू मिक्सरला द्या. मायक्रोफोनचे अंतर थोडे वाढवले तर फडफडही सौम्य होते. मिक्सरवरचा कोरस मात्र बंदच ठेवायला सांगा.

ओव्हरड्राइव्हची जागाही पाहून घ्या. मूळ साखळीत पायाखालचे एक्स्प्रेशन पेडल ऑर्गनच्या प्रीॲम्पमध्ये, लेस्लीच्या ॲम्प्लिफायरच्या आधी. त्यामुळे पेडल दाबले की आवाज वाढतो आणि सोबत गुरगुरही वाढते. पेडल सॉफ्टवेअरच्या ‘स्वेल’ला जोडावे, बहुधा मिडीचा (कीबोर्डकडून संगणकाला जाणाऱ्या संदेशांचा) कंट्रोलर ११. ते शेवटच्या व्हॉल्यूमला, म्हणजे कंट्रोलर ७ ला जोडले तर हळू वाजवतानाही आवाज फाटलेलाच राहतो. डीप पर्पलच्या जॉन लॉर्डसारखा दणका हवा असेल तर त्याने लेस्लीऐवजी मार्शल गिटार ॲम्प्लिफायर वापरला होता हे लक्षात ठेवा: लेस्ली बंद करून गिटार ॲम्पचा वेगळा प्लगइन लावा.

सॉफ्टवेअरांची नावे विचारली जातात म्हणून आमचे मत देतो. इतरांचे वेगळे असू शकते. जुना किंवा साधा लॅपटॉप असेल तर इटलीच्या जीएसआयचे व्हीबी-थ्री हलके आणि रंगमंचावर भरवशाचे. लेस्लीचे मायक्रोफोन, अंतर, वेग असे सारे बारकावे हाताळायची हौस असेल तर जीजी ऑडिओचे ब्लू-थ्री. आयके मल्टिमीडियाचे बी-थ्रीएक्स २०१९ मध्ये हॅमंडच्या परवान्याने आले (हॅमंड हे नाव आता जपानच्या सुझुकीकडे आहे); आवाज दमदार, पण संगणकही दमदार लागतो. आर्टुरियाचे बी-थ्री आम्ही स्टुडिओतल्या कामासाठी सुचवू. ॲपलचा संगणक असेल तर मेनस्टेज किंवा लॉजिकमध्ये व्हिंटेज बी-थ्री आधीच बसलेला आहे. त्यावर दोन-तीन महिने वाजवून मगच दुसरीकडे पैसे टाका. आणि पैसे नसतील तर सेटबीफ्री. मोफत, मुक्त स्रोताचे. पडद्यावर ओबडधोबड, पण वरच्या परीक्षांना बसवण्याच्या लायकीचे. शिकणाऱ्या मुलांनी तिथूनच सुरुवात करावी. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचे बी-फोर एकेकाळी सर्वांकडे असे. ते केव्हाच बंद झाले, त्याची जुनी प्रत आजच्या ६४ बिटांच्या प्रोग्रामात उघडत नाही. कोणी पेन ड्राइव्हवर देऊ केले तर घेऊ नका.

यातले एकही कामाला येत नाही, हातातला कीबोर्ड चुकीचा असेल तर. पियानोच्या जड पट्ट्यांवर तळहाताने घसरत वाजवणे अशक्य, बोटेही सोलतात. ६१ हलक्या पट्ट्या, पुढची कड सपाट आणि बिनओठाची, असा कीबोर्ड घ्या. खऱ्या हॅमंडमध्ये पट्टी थोडीशी दाबताच सूर येतो. साधे मिडी कीबोर्ड पट्टी जवळजवळ तळाला गेल्यावर सूर सोडतात. काही कीबोर्डांत ‘फास्ट ट्रिगर’ असा पर्याय असतो, तो चालू करा. बोटाच्या जोराचा इथे काही संबंध नाही. जोराने दाबल्यावर आवाज वाढत असेल तर सेटिंग चुकले आहे. नऊ स्लायडर असलेला कंट्रोलर मिळाला तर ड्रॉबार त्यांना जोडा, मात्र दिशा उलटी करा: ड्रॉबार स्वतःकडे ओढला की आवाज वाढतो, स्लायडर पुढे ढकलला की वाढतो. दोन कीबोर्ड असतील तर वरचा चॅनेल १, खालचा चॅनेल २. पायाचे पेडल असतील तर ३. सस्टेन पेडल हॅमंडला नाहीच, म्हणून त्याला लेस्लीचा वेग बदलायचे काम द्या. कीबोर्ड चालू करताना त्या पेडलवर पाय नको; बरेच कीबोर्ड चालू होताना पेडलची स्थिती वाचतात, पाय असला तर मंद आणि जलद उलटे होतात, आणि मग कार्यक्रमभर वादक गोंधळतो.

दाबल्यावर उशिरा वाजते ही तक्रार सॉफ्टवेअरची नसते, बफरची असते, म्हणजे लॅपटॉप आवाज बाहेर सोडण्याआधी साठवतो त्या तुकड्याची. ४८,००० सॅम्पल दरावर १२८ चा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, २५६ चा ५.३. त्यात इंटरफेस आणि यूएसबीचे थोडे मिळवा. एकूण दहाच्या आत राहिले तर हात अडखळत नाही. विंडोजवर लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून थेट आवाज घेऊ नका; छोटा का होईना, स्वतंत्र ऑडिओ इंटरफेस घ्या आणि त्याच्या कंपनीचाच एएसआयओ (उशीर कमी करणारा) ड्रायव्हर लावा. सॉफ्टवेअरवरचे निम्मे पैसे वाचवून इंटरफेसवर घातले तर फरक जास्त पडतो, असे आम्ही खुशाल सांगू. ब्लूटूथ स्पीकर किंवा हेडफोन इथे निरुपयोगी, उशीर फारच होतो.

तडतड आवाज येऊ लागला तर क्रमाने पाहा. वायफाय आणि ब्लूटूथ बंद करा. विंडोजची पॉवर सेटिंग ‘हाय परफॉर्मन्स’वर आणा, यूएसबीचे आपोआप झोपणे बंद करा, अपडेट थांबवून ठेवा. इंटरफेस हबमधून न घेता थेट लॅपटॉपला जोडा. तरी थांबले नाही तर बफर १२८ वरून २५६ करा. पहिला अर्धा तास नीट आणि मग तडतड, असे होत असेल तर कारण उष्णता: किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये दुपारी उन्हात ठेवलेला लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. खाली हवा खेळेल असा स्टँड आणि सावली, एवढाच उपाय. चार्जर काढल्यावर काही लॅपटॉप आपसूक मंदावतात, म्हणून तालीम चार्जर लावून आणि काढून अशी दोन्ही प्रकारे करा. ज्या सॉफ्टवेअरांचा परवाना इंटरनेटवर तपासला जातो ती कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नेट बंद करून एकदा उघडून पाहा. आणि कीबोर्डमध्ये स्वतःचा कसाबसा ऑर्गन टोन असेल तर तो वेगळ्या केबलने मिक्सरच्या दुसऱ्या चॅनेलवर तयार ठेवा. लॅपटॉप बंद पडून पुन्हा सुरू होईपर्यंत कांतार (तियात्रातले गाणे) थांबत नाही.

आता मूळ दुखणे, ज्यासाठी हे पत्र वर्तमानपत्राला लिहावेसे वाटले. चार्जर लावला की घरघर, काढला की शांत, ही तक्रार गोव्यातल्या प्रत्येक दुसऱ्या मंचावर ऐकू येते. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसते, त्यातून थोडी वीज झिरपते. तीन पिनांचा असेल तर मिक्सर एका सॉकेटवर, लॅपटॉप दुसऱ्यावर, दोघांच्या अर्थिंगमध्ये फरक, आणि तो फरक ऑडिओ केबलमधून वाहतो. उपाय ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सर यांच्या मधे जोडायची छोटी पेटी), त्यावर ‘ग्राउंड लिफ्ट’चा खटका. स्टिरिओसाठी दोन. लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डवरून घेतले तर पुष्कळदा तेवढ्यानेही भागते. काहीजण घरघर घालवायला प्लगची तिसरी पिन कापतात किंवा तिला टेप गुंडाळतात. घरघर जाते, पण मायक्रोफोनला ओठ लागले की गाणाऱ्याला झटका बसण्याची वेळ येऊ शकते. ओल्या मंडपात तर हा जिवाशी खेळ. अर्थिंग तोडायचे ते सिग्नलच्या केबलचे, डीआय बॉक्समध्ये. विजेच्या प्लगचे कधीच नाही.

म्हणून सभागृहांच्या व्यवस्थापनांना, फेस्त आणि चवथीच्या मंडळांना आणि मंडपाच्या कंत्राटदारांना आपल्या वृत्तपत्रातर्फे विनंती पोहोचावी. मंचावर वाद्यांसाठी एक वेगळा, अर्थिंग तपासलेला विजेचा बोर्ड द्या, दिव्यांचे डिमर त्यावर नकोत. ट्रान्सफॉर्मरचे किमान दोन डीआय बॉक्स सभागृहाच्याच सामानात असू द्या, दर वेळी वादकाने आणायची वाट पाहू नका. जनरेटर लावणाऱ्याने अर्थिंगची सळई ओल्या जमिनीत ठोकून मगच जोडणी करावी, आरसीसीबी (वीज झिरपताच पुरवठा तोडणारा खटका) बसवावा, आणि कार्यक्रमाआधी त्याचे टेस्टचे बटण दाबून तो पडतो का ते वादकांसमोर दाखवावे. बटण दाबूनही तो पडला नाही, तर तो दुरुस्त होईपर्यंत वादकांनी एकही वाद्य जोडू नये.

आपले,
ऑर्गनवादन आणि ध्वनियंत्रणेचे काम करणारे काही वाचक,
फोंडा, गोवा